बंधारा भरल्यावर मरू नये

शीतल सकाळच्या उन्हात आजोबांच्या बाजेशेजारी बसून मोठ्यानं वाचत होती. तलाठी भरतीची परीक्षा जवळ आली होती आणि आज पाळी होती भारतातल्या धरणांची.

"फरक्का बॅरेज. राज्य पश्चिम बंगाल, नदी गंगा. उद्देश, कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून हुगळी नदीत पाणी वळवणं."

"तिकडं न्हाई गेलो," किशनराव डोळे मिटूनच म्हणाले. "फुडं."

"हिराकुड. ओडिशा, महानदी. पूरनियंत्रण, सिंचन, वीज."

"ते लई जुनं. मी लेकरू असन तव्हा. फुडं."

"उकाई. गुजरात, तापी."

"उकाईला तुझा बाप झाला." किशनरावांनी डोळे उघडले. "पत्र्याच्या शेडात. भाईर पाऊस आन् आत तुझ्या आजीचं ओरडणं. फुडं."

"अलमट्टी. कर्नाटक, कृष्णा. सिंचन आणि वीज."

"तिथं तुझ्या आजीचा पाय मोडला. खडीचं घमेलं घेऊन पडली."

"आबा, हे परीक्षेत न्हाई विचारत."

"काहून न्हाई विचारत?" म्हाताऱ्याला हसू आलं आणि हसण्यातून खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. आयुष्यभर छातीत गेलेली दगडाची भुकटी आता बाहेर यायला बघत होती, आणि वसमतच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी न्या, काय खातील ते खाऊ घाला, असं त्यांनी सांगितलं होतं.

रुक्माबाई ज्वारीच्या कण्यांची वाटी घेऊन आल्या. नवऱ्याच्या पाठीमागं उशी सारली आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला.

"आजून दोन घास घ्या."

"बास झालं."

"बास कसं? पाणी उतरूस्तोवर तरी दम धरा."

हे ऐकून परका माणूस बुचकळ्यात पडला असता. बोरखडीच्या बौद्धवस्तीत मात्र हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. दिवाळी झाली की बंधाऱ्याची दारं बसायची, नदी भरायची आणि तिच्या काठचं वस्तीचं मसणवट पाण्याखाली जायचं. ते पुन्हा उघडं पडायला होळी उजाडायची. मधल्या काळात वस्तीतल्या माणसानं मरायचं नाही, असा नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा. ज्याचं काही खरं दिसत नाही अशा म्हाताऱ्याला दिवाळीनंतर पाहुण्यांकडं पोचवत. कुणी शिरड शहापूरला लेकीकडं जाई, कुणी आणखी कुठं. याला वस्तीत 'हवापालट' म्हणत. हवापालटाला गेलेलं माणूस बहुधा परत येत नसे, आणि ते का गेलं हे त्याला स्वतःलाही ठाऊक असे.

किशनरावांनी या वर्षी हवापालटाला जायला साफ नकार दिला होता. "सारी उमर दुसऱ्याच्या गावात राह्यलो," ते म्हणाले होते, "आता मरायला बी दुसऱ्याच्या गावात जाऊ का? माझी माय जिथं जळली तिथं मला न्या." मग उरलं होतं एकच, होळीपर्यंत जगणं. त्यासाठी रुक्माबाई रोज चमच्या-चमच्यानं झगडत होत्या.

खरी गोष्ट अशी, की या सगळ्याचं मूळ किशनरावांच्याच एका भोळेपणात होतं, आणि ते त्यांना आतून खात होतं.

ते आणि रुक्माबाई उमेदीची सगळी वर्षं धरणांवर राबले. मुकादमाचा ट्रक यायचा, वस्तीतली जोडपी भरून न्यायचा आणि कुठल्यातरी परमुलखातल्या दरीत उतरवायचा. तिथं तेलंगी असत, ओडिया असत, भिल्ल असत. कुणी कामावर मेलं तर सगळ्यांचं सरण एकाच माळावर रचलं जाई. मेलेल्याची जात कुणी विचारत नसे. खरं तर कामाच्या घाईत तेवढा वेळच कुणाला नव्हता. किशनरावांनी मात्र त्याचा अर्थ आपल्या मनासारखा लावला. देश पुढं गेलाय, आपलं गावच काय ते मागं राहिलंय आणि तेही येईल हळूहळू, असं ते धरून चालले.

म्हणून बोरखडीला बंधारा यायचा ठरला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. वस्तीचं मसणवट बुडणार होतं. त्याच्या बदल्यात उंचावर पक्कं शेड बांधून देऊ, त्यावर 'सार्वजनिक स्मशानभूमी' अशी पाटी असेल, असं पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी सांगितलं. वस्ती बिचकत होती. तेव्हा किशनराव उभं राहून म्हणाले, "म्या लई धरणं पाह्यली. सार्वजनिक म्हंजे सगळ्याईचं. द्या सह्या." वस्तीनं त्यांच्या शब्दावर सह्या दिल्या. पुढं बांधावर दगड लावायला तेच नवरा-बायको गेले, स्वतःच्या गावातलं असं काम पहिल्यांदाच.

बंधारा भरला त्या पहिल्याच हिवाळ्यात वस्तीतली रुपा नावाची बाळंतीण गेली. तिची तिरडी शेडाच्या फाटकावरून माघारी फिरवण्यात आली. पाटी सार्वजनिक होती, पण फाटकाला कुलूप होतं आणि गाव म्हणालं, तुमचं नि आमचं सरण एका जागी, ही आमची चाल नाही. शेवटी त्या पोरीला टेम्पोत घालून तिच्या माहेरी, डोंगरकडा गावाला नेलं. टेम्पोमागं धावणाऱ्या तिच्या सासूनं किशनरावांकडं वळून एकदा पाहिलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संक्रांत होऊन गेली. गहू पोटरीत आला, हळदीची पानं पिवळी पडायला लागली. बंधारा अजून काठोकाठ होता. एका सकाळी रुक्माबाई कण्या घेऊन बाजेशी आल्या आणि चमचा ओठांना लावला. ओठ हलले नाहीत. त्यांनी पुन्हा लावला. मग वाटी खाली ठेवून त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जरासं थांबायचं व्हतं ना."

शीतलचा बाप रत्नपाल तेव्हा बंधाऱ्यावर होता. दारं चढवायची-उतरवायची ती मोठी लोखंडी दांडी त्याच्या ताब्यात असे. रोजंदारीवरच, पण हे काम त्याच्या बापानं साहेबांच्या पाया पडून मिळवून दिलं होतं. निरोप मिळाला तसा तो घरी आला, बापाच्या पायाशी घटकाभर बसला आणि उठून सरपंच तातेरावांच्या घरी गेला. ओसरीखाली उभा राहिला.

तातेराव माणूस वाईट नव्हते. असं म्हणतात खरं, आणि सगळ्या वाईट चाली अशाच बऱ्या माणसांच्या खांद्यावर चालत आलेल्या असतात.

"फार वाईट झालं," तातेराव म्हणाले. "किशनराव म्हंजे गावचं भूषण व्हतं." जिवंत होता तोवर वयानं मोठ्या माणसाला ते 'किसन' म्हणत आले होते. "काय लागंल ते सांग. लाकडं देतो, टेम्पो देतो, वसमतला सरकारी मसणवटा हाय, तिथं समदी सोय बराबर व्हईल."

"वसमतला न्हाई न्यायचं, तात्या. बा बोलून गेला, गावातच जाळा. शेडाचं कुलूप काढा."

"आरं, माझ्या एकट्याच्या मनावर असतं तर..." तातेरावांनी आवाज खाली आणला. "माझं काय न्हाई रं. पण गावाचं मन मोडता येत न्हाई. जुनी मानसं हायेत. उगं त्यांला तकलीफ कशाला?"

"आन् पाणी? पाणी तर समद्याईच्या वावरात एकच जातं की."

"पाण्याचं निराळं असतंय," तातेराव म्हणाले. हे ते इतक्या सहज म्हणाले, की रत्नपाल तसाच ओसरीखालून माघारी वळला.

दुपारी वस्तीनं तिरडी उचललीच. पांढऱ्या वस्त्रात किशनराव, पुढं मडकं धरून रत्नपाल, आणि एक खांदा शीतलनं दिला. धम्मानंद नावाचा वस्तीतला तरणा पोरगा त्रिशरण म्हणत पुढं चालला होता. शेडाकडं वळणाऱ्या वाटेवर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावलेली होती. तिच्यामागं माणसं उभी होती. त्यांच्यातल्या निम्म्या माणसांच्या विहिरींचं दगडकाम किशनरावांनी केलेलं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, पण जागचं कुणी हललं नाही.

तालुक्याहून तहसीलचे साहेब आले, पोलिसांची गाडी आली. साहेबांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, घाम पुसला आणि उद्या सकाळी बैठक घेऊ म्हणाले.

"उद्या? आन् तोवर मढं?" धम्मानंद ओरडला. "कायद्यानं गुन्हा हाय हा साहेब. आत्ताच्या आत्ता कुलूप तोडा."

"गुन्हा आहेच, कोण नाही म्हणतंय? तक्रार द्या, नोंदवून घेतो. पण आज इथं डोकी फुटली तर?" साहेब म्हणाले. "तुमच्याच भल्याचं सांगतोय. वसमतला घेऊन जा, मी गाडी देतो."

जो उठत होता तो गाडीच देऊ करत होता. तिरडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली टेकवली. रुक्माबाई तिच्या उशाशी बसल्या आणि पदरानं माश्या वारत राहिल्या. पन्नासहून जास्त वर्षं ज्याच्यासोबत घमेली वाहिली, त्याला गावाच्या रस्त्याला मातीसाठी ताटकळत ठेवायची वेळ आली होती. त्या रडत नव्हत्या. रडायला सुद्धा जरा आडोसा लागतो.

तेव्हा धम्मानंदनं रत्नपालला बाजूला ओढलं.

"काका, दांडी तुमच्याकडं हाय. उचला दारं. पाणी जाऊ द्या समदं. संध्याकाळपस्तोर आपलं मसणवट उघडं पडंल. आन् त्यांची हळद, गहू वाळू द्या. मंग कळंल पाण्याचं निराळं असतं का एकच."

रत्नपालनं बापाकडं पाहिलं, ट्रॉलीकडं पाहिलं आणि बंधाऱ्याच्या दिशेनं चालायला लागला. वस्तीतली दहा-पंधरा पोरं त्याच्यामागं निघाली. कुणाला अडवावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर हे लिहिणाऱ्यालाही तिथं अडवावंसं वाटलं नसतं.

रुक्माबाईंना शीतलनं सांगितलं. त्या उठल्या. अलमट्टीला मोडलेला पाय ओढत, नातीचा खांदा धरून, बंधाऱ्याच्या पुलावर पोचल्या तेव्हा रत्नपालनं दांडी पहिल्या दाराच्या चाकात बसवली होती.

"रत्ना, काढ ती दांडी."

"माय, तू मधी पडू नको."

"काढ म्हन्ते ना. तिकडं बघ खाली."

बंधाऱ्याखाली नदीचं पात्र कोरडं होतं आणि त्या कोरड्या पात्रात ऊसतोडीवाल्यांची पालं होती. नेमसिंगची टोळी होती ती, दर वर्षी कारखाना सुरू झाला की यायची. मोठी माणसं तोडीला फडात गेलेली. पालांपुढं म्हाताऱ्या चुली फुंकत होत्या, उघडी लेकरं वाळूत खेळत होती, आणि लखमा नावाची नेमसिंगची सून दोन खुंट्यांना बांधलेल्या झोळीत तान्ह्याला झोके देत होती.

"त्यांला उठवू ना आजी," धम्मानंद म्हणाला. "दोन पोरं पळवतो."

"आन् वळणाच्या पल्याड? तिथं बी पालं हायेत. त्याच्या फुडं बाया धुण्याला आल्या असतील, कुणाची गुरं असतील. त्यांला कोण उठवंल? पाण्याच्या फुडं पळशील तू?" रुक्माबाईंना धाप लागली होती. कठडा धरून त्या थोड्या थांबल्या. "आमी एका धरणावर व्हतो तव्हा सायबानं न सांगता-सवरता दार उचललं. खाली आमच्याच बाया व्हत्या. दुसऱ्या दिशी तुझ्या बापानं आन् म्या काठाकाठानं चपला गोळा केल्या रे रत्ना. बारीक लेकरांच्या बी. त्या चपलांपायी त्यो कितीक रात्री झोपला न्हाई. त्याच्याच मातीसाठी तू दार उचलतो?"

"आपणच का म्हणून इचार करायचा आजी, दर टायमाला?" धम्मानंदचा आवाज फुटला. "त्याईनं केला का आपला?"

"न्हाई केला. त्यांचा इचार म्या बी करून राह्यले न्हाई, पोरा. त्यांची हळद जळाली तर जळू दे. म्या त्या झोळीतल्या लेकराचा करून राह्यले."

रत्नपालनं दांडी काढली. काढली आणि तिथंच पुलावर बसून पोटात पाय घेऊन ढसाढसा रडला. पंचावन्न वर्षांचा गडी लहान पोरासारखा रडत होता आणि पाणी दारांच्या वरच्या कडेला शांत लागून होतं.

"आता काय करायचं आजी?" शीतलनं विचारलं. "आबांना कुठं न्यायचं?"

रुक्माबाईंनी सभोवार नजर टाकली. एका अंगाला त्यांचं मसणवट पाण्यात होतं. दुसऱ्या अंगाला टेकाडावर शेड दिसत होतं, नवं, रिकामं आणि कुलूपबंद. मधे बंधाऱ्याला लागून मातीचा उंच बांध होता. त्याच्या उतारावरचे दगड त्यांनी आणि किशनरावांनी एकेक करून बसवले होते.

"हितं आणा," त्या म्हणाल्या. "ह्या बांधावर. समद्या गावाला दिसू दे."

साहेब धावत आले. ही शासकीय मालमत्ता आहे, इथं परवानगी देता येणार नाही, म्हणाले.

"शासकीय म्हंजे कुणाची सायेब?" रुक्माबाईंनी विचारलं. "शेड बी शासकीयच हाय. तिथं बी न्हाई, हितं बी न्हाई. मंग आमचं शासकीय कुठं हाय तेवढं सांगा, तिथं नेते."

साहेब गाडीत जाऊन बसले. पोलिसांनी टोप्या काढून हातात घेतल्या.

वस्तीतल्या घराघरातून लाकडं आली. कुणी पावसाळ्यासाठी राखलेल्या कापसाच्या पळकाट्या आणल्या, रुपाच्या सासूनं गोठ्याच्या छपराचं लाकूड काढून आणलं. बांधावर सरण रचलं गेलं. धम्मानंदनं पंचशील म्हटलं, पण मधेच त्याला पुढचं आठवेना, तेव्हा शीतलनं ते पुरं केलं. रत्नपालनं अग्नी दिला. गाव पलीकडच्या काठावर येऊन उभं होतं. तातेरावही होते. फडातून परतलेली नेमसिंगची टोळी कुणाची तरी मयत आहे एवढं पाहून खाली पात्रातच थांबली, त्यांनी पागोटी उतरवली. लखमानं तान्ह्याला छातीशी धरून हात जोडले. दुपारी आपल्या डोक्यावर काय येऊन टळलं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

सांगावं असं रुक्माबाईंना वाटलं नाही. त्या जाळाकडं पाहत होत्या आणि त्यांना एकच गोष्ट सहन होत नव्हती. सारा हिवाळाभर हा माणूस नको म्हणत असताना त्यांनी त्याला एकेक घास भरवला, मरू दिलं नाही. शेवटच्या दिवसांत त्याला पोटभर झोपू द्यायचं, तर त्या त्याला उठवून जगायला लावत राहिल्या. आणि एवढं करून त्याला त्याच्या आईशेजारची जागा मिळाली नाहीच.

किशनरावांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी तातेराव वस्तीत आले. सरपंचकीसाठी मतं मागायला आले होते, त्यानंतर आजच. अंगणात खुर्ची दिली, शीतलनं चहा आणला. चहा त्यांनी हातात धरून ठेवला.

"रुक्माबाई, त्या दिशी तुमी फार समजूतदारपणा दाखवला. समदं गाव नाव काढून ऱ्हायलंय. दारं उचलली असती तर हळद, गहू, सगळं गेलं असतं."

रुक्माबाई त्यांच्या हातातल्या चहाकडं बघत होत्या.

"म्या काय म्हणतो," तातेराव पुढं सरकले, "त्या बांधाच्या कडची जागा चांगली हाय. उंच हाय, पाणी चढत न्हाई. तेवढी तुमच्या लोकांच्या नावानं कायमची करून घेऊ. ग्रामपंचायतीत ठराव घेतो, वर कळवतो. वाटलं तर किशनरावांच्या नावानं चौथरा बांधू. भांडण मिटलं, तुमची बी सोय झाली."

वस्तीतली एक-दोन वडीलधारी माणसं माना हलवायला लागली. वाईट नव्हतंच ते. हवापालट तरी थांबला असता. धम्मानंद उठून उभा राहिला, पण रुक्माबाईंनी त्याला हातानं बसवलं.

"मालकांनी एकदा सह्या दिल्या," त्या म्हणाल्या. "साऱ्या वस्तीला द्यायला लावल्या. भरवसा ठिवला आन् फसले. पर त्यांनी ज्याच्यावर ठिवला ते खोटं नव्हतं तात्या. सार्वजनिक म्हंजे सगळ्याईचं, हे खरंच हाय. खोटं तुमी ठरवलं."

"मी काही—"

"आयका. त्या बांधावर एक मानूस जळला, त्यो नाइलाज व्हता. नाइलाजाचा ठराव करू नका. आता घरात मी म्हातारी हाय. मी हवापालटाला जायची न्हाई, आन् होळीची वाट बघत कण्या बी गिळायची न्हाई. माझा टाइम भर पाण्यात आला तर भर पाण्यात जाईन. माझी लेकरं मला त्या शेडात नेतील, फाटकातून. ट्रॉली आडवी लावायची असंल तर आजच सांगा, म्हंजे कोण कोण उभं राहनार ते मला जित्तेपनी बघून घेता यील."

"आमी नेऊ," रत्नपाल म्हणाला. 

तातेरावांनी चहाकडं पाहिलं. तो प्यायचा की खाली ठेवायचा, एवढं साधं त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी कप खुर्चीच्या पायाशी ठेवला आणि ते उठून गेले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तक्रार नोंदवलेली आहे, तारखा पडतायत. शीतल तलाठ्याची परीक्षा पास झाली नाही, पुन्हा बसणार आहे. धम्मानंद आणि ती मिळून शेडाच्या कुलपाबद्दल जिल्ह्याला अर्ज करतात, जाऊन बसतात, उत्तर आलं नाही की परत जातात. बंधाऱ्याची दारं या दिवाळीत रत्नपालनंच बसवली. नदी पुन्हा भरली आहे आणि पाळीचं पाणी सगळ्यांच्या वावरात बराबर जातं आहे.

रुक्माबाईंना थंडीनं खोकला लागला आहे. शिरड शहापूरला दिलेली लेक हवापालटाला न्यायला आली होती, तिला त्यांनी जेवू घालून परत पाठवलं. शेडाच्या फाटकाला आजही कुलूप आहे. ते काढायला गावाजवळ अजून थोडा वेळ आहे.